महागडी गाडी दीड महिना उभी राहणार आहे : बॅटरीचं गणित आणि बंदोबस्त

ताम्रतार (धागाकर्ता)

मे महिन्यात मुलांकडे अमेरिकेला जाणारे, चार-सहा महिने बोटीवर असणारे, आणि मोठी गाडी फक्त लग्नकार्याला बाहेर काढणारे, या तिघांचा प्रश्न एकच. परत येऊन किल्ली दाबावी तर गाडी ढिम्म. मग "एवढी महाग गाडी आणि बॅटरी इतकी तकलादू?" असा सूर लागतो. बॅटरी तकलादू नसते. गाडी उभी करतानाच ती पूर्ण भरलेली नसते, आणि उभी केल्यावर गाडी पूर्ण झोपत नाही. आधी आकडे मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

बीएमडब्ल्यू ५ सीरीज, मर्सिडीज ई-क्लास, ऑडी ए६ या वर्गात साधारण ८० ते १०५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) एजीएम बॅटरी (काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेली, सीलबंद) असते. आपण ८० धरू. या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारा) हुशार असतो. ब्रेक दाबताना मिळणारी फुकटची वीज साठवायला जागा राहावी म्हणून तो बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरत नाही, ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. म्हणजे हातात ६४ एएच. निम्म्याच्या, म्हणजे ४० एएचच्या खाली जायचं नाही असं ठरवलं तर खर्चायला उरले २४.

गाडी गाढ झोपली तरी अलार्म, किल्लीचा रिसीव्हर, मोबाइल अ‍ॅपशी बोलणारं मोडेम यांना वीज लागतेच. २० ते ५० मिलिअँपिअर हा निरोगी गाडीचा खर्च. ५० धरले तर दिवसाला १.२ एएच, म्हणजे २४ एएच २० दिवसांत संपले. जायच्या आदल्या रात्री चार्जर लावून बॅटरी १०० टक्के भरली असती तर हेच ३३ दिवस झाले असते. एका रात्रीत १३ दिवस वाढतात, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

निम्म्याच्या खाली का नको? बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. ताजं असताना ते मऊ, बारीक असतं आणि चार्जिंगला लावलं की विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की स्फटिक मोठे होतात, कडक होतात, आणि मग कितीही चार्ज करा, ते जागचे हलत नाहीत. तेवढी क्षमता कायमची गेली. एजीएम १२.८ व्होल्टच्या वर असेल तर पूर्ण भरलेली, १२.५च्या आसपास पाऊण, १२.२-१२.३ला निम्मी. साध्या पाण्याच्या बॅटरीचे आकडे एक-दोन दशांशाने खाली धरा. मोजायचं ते गाडी लॉक करून सात-आठ तासांनी. इंजिन बंद केल्याबरोबर मोजलं तर १३च्या पुढे दिसतं आणि माणूस उगाच खूश होतो.

बोनेटउघडा

छान मांडणी. एक गैरसमज सुरुवातीलाच मोडून काढू या : वॉचमनला किंवा ड्रायव्हरला किल्ली देऊन "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेव" असं सांगणं. याने बॅटरी वाचत नाही, उलट लवकर बसते.

लोकांना वाटतं खर्च स्टार्टरचा. तो नगण्य आहे. ३०० अँपिअर दीड सेकंद ओढले तरी सव्वाशे मिलिअँपिअर-तास होतात, म्हणजे ०.१२५ एएच. खरा खर्च दाराचा आहे. दार उघडलं की स्क्रीन, दिवे, पंखे, सीटचे मोड्यूल (छोटे संगणक) सगळे जागे होतात. इंजिन बंद करून लॉक केल्यावरही सगळं एकदम झोपत नाही. मॉडेलनुसार १५ मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत एकेक जण डोळे मिटतो. सरासरी ५ अँपिअर आणि २० मिनिटं धरली तरी पावणेदोन एएच गेले. गाढ झोपलेल्या गाडीचा हा दीड दिवसाचा खर्च. आणि दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये (गाडी जागेवरच चालू ठेवण्यात) हुशार अल्टरनेटर काय परत देतो? एसी चालू असेल तर जवळजवळ काहीच नाही.

शिवाय इंजिन धड तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिझेल असेल तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी गाळणाऱ्या जाळीत) काजळी बसते.

शंकासूर

मग आयडलिंगऐवजी आठवड्याला एक चक्कर मारून आणली तर? कोथरूड ते स्वारगेट आणि परत?

बोनेटउघडा

कोथरूड-स्वारगेटमध्ये निम्मा वेळ सिग्नलला जातो, तो आयडलिंगचाच भाऊ. चालवायचीच असेल तर एक्स्प्रेस-वेवर पाऊण ते एक तास, वेग धरून. टायर, ब्रेकच्या डिस्क, ऑइल सील यांना त्याचा उपयोग आहे, जरूर करा. पण बॅटरी १०० टक्के होईल ही अपेक्षा नको. ८०च्या वर एजीएम हळूहळू वीज घेते, शेवटच्या २० टक्क्यांना काही तास लागतात, आणि अल्टरनेटरला मुळात तिथे जायचंच नसतं. तिथे चार्जरच हवा.

मापटं

चार्जर कोणता, तर मायक्रोप्रोसेसरवाला, टप्प्याटप्प्याने भरणारा, आणि शेवटी आपोआप सांभाळणीवर जाणारा. सीटेकचा एमएक्सएस ५.०, नोकोचा जीनियस ५, बॉशचा सी३ असे पर्याय आहेत. ५ अँपिअरचा पुरे. हिशेब : ८० एएचची बॅटरी निम्मी आहे, ४० एएच भरायचे, ५ अँपिअरने ८ तास आणि वर शेवटच्या टप्प्याचे चार-पाच तास. संध्याकाळी लावला की सकाळी हिरवा दिवा. ०.८ अँपिअरचा छोटा चार्जर भरलेली बॅटरी सांभाळायला ठीक आहे, उतरलेली भरायला नाही.

मोडकडे लक्ष द्या. एमएक्सएस ५.० मध्ये मोटरसायकलच्या चित्राचा मोड ०.८ अँपिअरचा, गाडीच्या चित्राचा १४.४ व्होल्टचा, आणि बर्फाच्या चांदणीचा १४.७ व्होल्टचा. भारतात बर्फ कुठला म्हणून लोक चांदणी टाळतात, पण तीच एजीएमची आहे. चौथा मोड रिकाँड, तो १५.८ व्होल्टपर्यंत जातो. पार उतरून गेलेल्या साध्या बॅटरीसाठी, आणि तोही बॅटरी गाडीतून सोडवूनच. गाडीत जोडलेल्या एजीएमला रिकाँड लावू नका.

आणि बॅटरीवाल्याच्या दुकानातला तो लोखंडी डब्याचा, काटा आणि फिरतं बटण असलेला चार्जर गाडीत जोडलेल्या बॅटरीला लावू देऊ नका. त्यात व्होल्टेजला लगाम नसतो, १६च्या पुढे सहज जातो. बॅटरी एक वेळ सोसेल, पण गाडीचे मोड्यूल सोसणार नाहीत.

ताम्रतार

जोडायची रीत मापटं यांच्या प्रतिसादाला पुरवणी म्हणून देतो, कारण चूक तिथेच होते.

लाल चिमटा आधी, पॉझिटिव्हला. मग काळा चिमटा गाडीच्या बॉडी अर्थला (सांगाड्यावरच्या उघड्या धातूच्या बिंदूला), बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला नाही. सर्वात शेवटी प्लग भिंतीत. काढताना उलट : आधी भिंतीतलं बटण बंद, मग काळा, मग लाल.

काळा बॉडीला का, तर निगेटिव्ह टोकावर काडेपेटीएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती वीज गेली, किती आली याची खतावणी तो ठेवतो. चार्जर थेट टोकाला लावला की वीज सेन्सरला चुकवून आत जाते. बॅटरी भरते, पण वहीत नोंद नाही. गाडी समजते बॅटरी अजून अर्धीच आहे, आणि "बॅटरी डिस्चार्ज" असा इशारा दाखवत राहते, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) बंद ठेवते. बॉडीवर लावला की हिशेब जुळतो.

बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी डिक्कीत असते, पण बोनेटखाली लाल झाकणाचा पॉझिटिव्ह आणि शेजारी षटकोनी खुंटीसारखा अर्थ दिलेला असतो. चार्जर तिथेच लावायचा. ऑडी क्यू७, पोर्श केयेनमध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली. यातली मेख ध्यानात घ्या : सीट विजेवर सरकते, आणि बॅटरी बसली असेल तर सीटच सरकत नाही, म्हणजे बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. बोनेटखालचे जंप पॉइंट (बाहेरून वीज देऊन गाडी चालू करायच्या जागा) कुठे आहेत ते गाडी चालू असतानाच पाहून ठेवा.

दर वेळी चिमटे नकोत तर चार्जरसोबत रिंगवाली वायर मिळते. एम८ची रिंग बहुतेकांना बसते. पान्याने पक्की करा, वायरमधला फ्यूज काढू नका.

मिलिअँपिअर

वरचं सगळं गणित ५० मिलिअँपिअरवर उभं आहे. तुमची गाडी खरंच ५०वर झोपते का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. डॅशकॅम फ्यूजबॉक्सला जोडून पार्किंग मोडवर ठेवला असेल तर एकटा तोच २००-३०० मिलिअँपिअर खातो. २५० धरा : दिवसाला ६ एएच. गाडीचे १.२ मिळवून ७.२. धागाकर्त्यांचे २४ एएच चौथ्या दिवशी खलास. जाताना डॅशकॅमचा प्लग काढा. निदान त्याच्या किटमध्ये व्होल्टेजची मर्यादा १२.४ला लावा, बहुतेक जण ती १२.० किंवा त्याहून खाली ठेवतात. ओबीडीला (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लटकवलेला ट्रॅकर, कानाकोपऱ्यातला ब्लूटूथ डोंगल हेही काढा. फास्टॅगची काळजी नको, त्याला स्वतःची बॅटरी नसते आणि गाडीची तो घेत नाही.

मोजायची पद्धत. मल्टिमीटर निगेटिव्ह केबलच्या मध्ये घालण्याची जुनी रीत या गाड्यांत त्रासाची आहे. केबल सोडवली की सगळे मोड्यूल परत जागे, आणि चुकून दार उघडलं तर मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. डीसी क्लँप मीटर असेल तर निगेटिव्ह केबलभोवती अडकवा. स्वस्तातले क्लँप ५० मिलिअँपिअर नीट दाखवत नाहीत, निदान १० मिलिअँपिअरपर्यंत वाचणारा हवा, आणि मोजण्याआधी शून्यावर आणायला विसरू नका.

तिसरी पद्धत मला सर्वात आवडते : फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजणं. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साडेसात मिलिओमच्या आसपास असतो. ०.४ मिलिव्होल्ट दिसले तर त्या वाटेने ५० मिलिअँपिअर जात आहेत. शून्य दिसला की पुढचा फ्यूज. चोर कोणत्या सर्किटवर आहे ते गाडीला जागं न करता सापडतं.

तयारी अशी. बोनेट, डिक्की आणि फ्यूजबॉक्सच्या बाजूचं दार उघडं ठेवा, पण त्यांच्या कुलपातला आकडा स्क्रू-ड्रायव्हरने खट्कन आत ढकला, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. नंतर हाच आकडा हँडल ओढून सोडवायला विसरू नका, नाहीतर दार आपटाल आणि कुलूप तोडाल. गाडी लॉक करा, किल्ली दहा पावलं लांब ठेवा, तासभर थांबा. ८०-१०० मिलिअँपिअरच्या पुढे आकडा राहिला तर शोधाशोध करा. दर काही मिनिटांनी उसळी मारून खाली येत असेल तर कोणीतरी गाडीला जागं करतंय.

वेंगुर्लेकर

ते जागं करणारं बहुतेक वेळा किल्लीच असते. बंगल्यात गाडी पोर्चमध्ये आणि किल्ली भिंतीच्या अलीकडच्या खुंटीवर, मधे जेमतेम दोन मीटर. गाडी आणि किल्ली रात्रभर गप्पा मारतात. किल्ली आतल्या खोलीत ठेवा किंवा पत्र्याच्या डब्यात. बऱ्याच मर्सिडीजच्या किल्लीवर लॉकचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की किल्लीचा सिग्नल बंद होतो, कोणतंही बटण दाबलं की परत सुरू.

दुसरं म्हणजे कंपनीचं अ‍ॅप. परदेशात बसून रोज "गाडी बरी आहे ना" म्हणून अ‍ॅप उघडू नका. प्रत्येक चौकशीला गाडी उठून उत्तर देते.

किनाऱ्यावरच्यांसाठी एक जादा काम. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. उभी करण्याआधी टर्मिनल सोडवून, चमचाभर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिनचा पातळ हात. व्हॅसलिन आधी लावून मग टर्मिनल बसवू नका. सेन्सरवर पाणी ओतू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पार्किंग_बी२

हे सगळं ज्यांच्या पार्किंगमध्ये सॉकेट आहे त्यांच्यासाठी झालं. मुंबईत निम्म्या जणांची गाडी यांत्रिक पार्किंगच्या पाटावर तिसऱ्या मजल्यावर लटकते. तिथे ना सॉकेट ना ऊन. सोलर पॅनल आणि चार्जर दोन्ही बाद. तिथे काय करायचं?

ताम्रतार

दोन मार्ग आहेत.

पहिला : आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल सोडवणं. मग उरते फक्त बॅटरीची स्वतःची गळती, एजीएमला महिन्याला दोन-तीन टक्के. तीन महिनेसुद्धा निर्धास्त. पण जाचही आहेत. अलार्म बंद होतो. काही गाड्यांच्या सायरनला आतली छोटी बॅटरी असते, ती केबल सोडताच बोंबलते, म्हणून आधी इग्निशन चालू-बंद करून लगेच केबल काढायची असं मॅन्युअल सांगतं. डिक्कीतल्या बॅटरीची केबल सोडून डिक्की आपटलीत तर ती विजेवरच उघडते, म्हणजे आतली बॅटरी आत. किल्लीतलं धातूचं पातं कोणत्या भोकात चालतं ते आधी बघा. दोन बॅटऱ्या असतील (व्होल्व्हो एक्ससी९०, लँड रोव्हरच्या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्या), तर एक सोडून भागत नाही.

शिवाय पार्किंगचा यंत्रवाला मधेच गाडी हलवायला सांगतो. गिअर विजेवर, हँडब्रेक विजेवर. बॅटरी सोडलेली गाडी पी मधून निघत नाही. त्याला आधी कल्पना द्या.

परत जोडल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक काच वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, सनरूफचंही तसंच. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा थोडं अंतर चाललं की जातो.

मापटं

दुसरा मार्ग मी सांगतो : पोर्टेबल पॉवर स्टेशन, तेच जे लोक कॅम्पिंगला नेतात. ५०० वॉट-तासाचं घ्या. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के आणि चार्जरमध्ये १५ टक्के गेले तर उरले ३६०. भागिले १४.४ व्होल्ट, २५ एएच बॅटरीत. ५ अँपिअरने पाच तास. म्हणजे ५० मिलिअँपिअरवाल्या गाडीचे २० दिवस एका दुपारी परत मिळाले. नातेवाइकाने तीन आठवड्यांतून एकदा गाडी खाली मागवून, बोनेट उघडून, पाच तास बसायची तयारी हवी, एवढंच. नाहीतर केबल सोडा.

त्या दहा रुपयाच्या वस्तूसारख्या दिसणाऱ्या हिरव्या फिरकीच्या, निगेटिव्ह टोकावर बसवून बॅटरी तोडणाऱ्या स्विचबद्दल कोणी विचारण्याआधी : या गाड्यांत नको. निगेटिव्हवरच्या सेन्सरला जागा सोडत नाही, आणि ढिला झाला की स्टार्टरच्या शेकडो अँपिअरला तापतो.

नागपुरी_ऊन

वरचे गळतीचे आकडे युरोपातले, २० अंशांचे. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४५. दर १० अंशांना गळती साधारण दुप्पट होते. दोन-तीन टक्के महिन्याला म्हणताय ते इथे कितीतरी पट धरा. चार्जरचंही तसंच : तापमान वाढलं की सांभाळणीचं व्होल्टेज कमी करावं लागतं, दर अंशाला साधारण १८ मिलिव्होल्ट. २५ अंशांना १३.६ बरोबर असेल तर ४० अंशांना १३.३च्या आसपास हवं. चार्जर तापमान ओळखणारा नसेल तर बॅटरी हळूहळू आतून सुकते, आणि एजीएममध्ये पाणी ओतायला झाकण नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी तापमान भरपाईवाला चार्जर ही चैन नव्हे. तो बॅटरीशेजारीच ठेवा, एसी खोलीतून लांब वायर काढू नका, नाहीतर तो खोलीचं तापमान मोजेल.

शंकासूर

आणि बॅटरी आधीच बसली असेल तर? परत आल्यावरचा क्रम कोणी लिहील का?

बोनेटउघडा

किल्लीतलं पातं काढा, दाराच्या हँडलची टोपी उचकटा, कुलूप उघडा. बोनेट बहुतेकांचं तारेवर असतं, उघडेल. पोर्श ९११च्या ९९७, ९९१ पिढीत मात्र पुढची डिक्की विजेवर आणि बॅटरी तिच्याच आत. पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधून एक पॉझिटिव्ह टोक बाहेर ओढता येतं. तिथे दुसऱ्या बॅटरीचा लाल आणि दाराच्या कडीला काळा लावला की तेवढ्या विजेवर डिक्कीचं कुलूप सुटतं. त्या टोकावरून गाडी जंप करायची नाही, वायर तेवढी जाड नसते.

बोनेट उघडल्यावर घाई नसेल तर जंप करूच नका, चार्जर लावा, रात्रभर ते २४ तास. पूर्ण उतरलेली एजीएम घेऊन घरी जाताना अल्टरनेटरवर सगळा बोजा टाकणं म्हणजे दोघांनाही तापवणं. जंप करावीच लागली तर १२ व्होल्टची गाडी किंवा लिथियम जंप स्टार्टर, ट्रकची २४ व्होल्ट नाही. चार्ज झाल्यावर १२ तास तशीच ठेवून मोजा. १२.५च्या खाली आली तर बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करा. चार्जर बॅटरी ओळखतच नसेल तर व्होल्टेज फारच खाली गेलंय, त्या बॅटरीत फारसा जीव उरलेला नाही.

आणि टोइंगवाल्याला बोलावण्याआधी बेसमेंटची उंची विचारा. फ्लॅटबेड आत येत नाही, चाकं लॉक.

मिलिअँपिअर

नवी बॅटरी घालावी लागली तर तीन गोष्टी. जुनी एजीएम असेल तर नवीही एजीएमच, आणि माप तेच : एल३ म्हणजे २७८ मिलिमीटर, एल४ ३१५, एल५ ३५३. केबिनमध्ये किंवा डिक्कीत बॅटरी असेल तर बाजूच्या भोकातली बारीक वायूनळी परत जोडून घ्या. बसवणारे ती हमखास लोंबती सोडतात. आणि गाडीला नवी बॅटरी आल्याची नोंद संगणकाने करून द्या. बीएमडब्ल्यूत रजिस्ट्रेशन, ऑडीत बॅटरी मॅनेजरचं कोडिंग. नोंद केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला म्हाताऱ्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करते. ८०च्या जागी ९५ एएच घातली तर क्षमतेचा आकडाही बदलावा लागतो.

वेंगुर्लेकर

विजेच्या आणि प्लग-इन गाड्यांचं कोणी बोललं नाही. त्यांच्यातही १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि तीच बसली तर मोठी बॅटरी भरलेली असून दारसुद्धा उघडत नाही. काही गाड्या मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप पाजतात, काही नाही. मॅन्युअलमध्ये बघा. मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून जा, १००वर नको. कॅमेऱ्याने पहारा देणारे मोड बंद.

पार्किंग_बी२

शेवटचं, सगळ्यात अवघड : सोसायटीची कमिटी. "कॉमन मीटरवर महिनाभर चार्जर?" असं विचारतातच.

मापटं

भरलेल्या बॅटरीवर चार्जर जेमतेम काही वॉट घेतो. १० वॉट धरले तरी ४५ दिवसांत १०.८ युनिट. युनिटला १२ रुपये लावा, १३० रुपये. अर्जात हा हिशेब लिहा, १५० रुपये आगाऊ भरतो म्हणा. सोबत लिहा की चार्जर जमिनीवर नसेल, खांबाला कमरेच्या वर टांगलेला असेल, एक्स्टेन्शन बोर्ड ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या सॉकेटवर असेल. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये घोट्याएवढं पाणी येतंच, आणि जमिनीवर पडलेला बोर्ड बघूनच कमिटी नाही म्हणते. वायर बोनेटच्या फटीतून काढाल तिथे बोनेट पूर्ण लावा, अर्धवट टेकवून ठेवू नका. उघड्या बोनेटचा स्विच गाडीला जागं ठेवतो, आणि उंदरांना आमंत्रण ते वेगळंच.